हळदीवर आलेले विमान

आयुष्यभर पंचनाम्यांपलीकडे काही न लिहिलेल्या माणसाने लेख लिहायला बसावे, हा आगाऊपणाच. वाचकांनी क्षमा करावी. पण डोंबिवलीतल्या नोकरीतली एक दुपार निवृत्तीनंतरही मनातून जात नाही.

पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, कोपरच्या खाडीत विमान पडलं! हळदीच्या मांडवावर घिरट्या घालत होतं, शो मारायला!"

प्रशिक्षणाचे दोन आसनी विमान चिखलात नाक खुपसून होते. पन्नाशीच्या प्रशिक्षकांचा खांदा निखळला होता. त्यांची विद्यार्थिनी, विठ्ठलवाडीच्या चाळीतली मुलगी, धड होती. इंजिनाची ताकद अचानक गेली, असे दोघे सांगत होते. मग शेजारचे मोकळे मैदान सोडून खाडीत का? मुलीची हयगय ठरली असती तर तिच्यावर गुन्हा दाखल होऊन तिचे वैमानिक होणे तिथेच संपले असते.

जबाब वेगवेगळे घेतले. प्रशिक्षक म्हणाले, "विमान माझ्या हातात होतं. लिहा."

मुलगी म्हणाली, "नाही साहेब, माझ्या हातात होतं. सर मागत होते, मी दिलं नाही."

"का?"

तिने जबाबाखाली सही करून कागद माझ्याकडे सरकवला.

दोष दुसऱ्यावर ढकलणारे मी रोज पाहत होतो. इथे दोघेही तो स्वतःकडे ओढत होते. माझा संशय वाढला.

उलगडा नवरदेवाच्या आजीने केला. मांडव मैदानाच्या कडेला होता. "आमी बोललू, नातवाच्या हलदीला फुला टाकाला आयलंय इमान! सगली धावत मैदानान आली. कोन पलतंय? हात हालवीत उभी!" बँडच्या दणक्यात इंजिन थंडावल्याचे कुणाला कळलेच नव्हते. आजीच्या नातीने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत दिसले: पंखा जेमतेम फिरतो आहे, विमान गर्दीवर येते आहे आणि शेवटच्या क्षणी खाडीकडे वळते आहे.

तो व्हिडिओ प्रशिक्षकांनी पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "मैदानात उतर, असं मीच सांगितलं होतं. वरून रिकामं दिसलं. माणसं नंतर तिच्या बाजूने आली, मला दिसलीच नाहीत. हुकूम मोडला म्हणून तिला काढून टाकतील, या भीतीने मी खोटं बोललो."

मी मुलीला विचारले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"सर अडकले असते ना, साहेब."

दोष इंजिनाचाच, असे पुढे तज्ज्ञांनीही ठरवले. ती वैमानिक झाली.

हुकूम पाळण्यातच माझी सारी नोकरी गेली आणि त्याची मला खंत नाही. तरीही त्या दिवशी मी उभा राहून त्या मुलीला सलाम केला. तिच्या जागी मी असतो, तर सांगितले तिथेच उतरलो असतो.

तुम्ही काय केले असते?