देवीची धार

"आडनाव काय गं तुझं?"

भाऊसाहेबांनी माइकवरून विचारलं. धुळ्यातला त्यांच्या वडिलांच्या नावाचा हॉल, खुर्च्या सगळ्या भरलेल्या, आणि मी स्टेजवर नव्या साडीत उभी.

आमच्या गटात आडनाव विचारत नाहीत. तसा नियमच आहे. दारू सोडू पाहणारा माणूस आत येतो, नुसतं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि खाली बसतो. कुठला, कोणाचा, कोणत्या जातीचा, कोणी काढत नाही. त्या एका नियमावर मी वर्षभर तगले होते. जन्मात पहिल्यांदा कुठेतरी मी नुसती मी होते.

आणि त्या दिवशी माझा वाढदिवस होता. न पिता वर्ष निघालं की गट त्या माणसाचा वाढदिवस करतो. सगळ्यांच्या घरचे येतात, टाळ्या वाजवतात, बिल्ला देतात. माझ्या घरचं कोण? माय. साक्रीच्या पलीकडे डोंगरात आमचं गाव, तिथून दोन एस्ट्या बदलून आली होती. तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. चपला खुर्चीखाली काढून, पाय आखडून बसली होती बिचारी.

मी आडनाव सांगितलं.

"आदिवासी का?"

"हो."

"मग बरोबर," भाऊसाहेब म्हणाले आणि लोकांकडे वळले.

पुढे ते जे बोलले ते माझंच होतं. बंद खोलीतल्या बैठकीत, भाऊसाहेबांसकट सगळ्यांसमोर, मी ते सांगितलं होतं. तिथलं तिथेच राहतं, हाही नियम. मी सांगितलं होतं की नवं धान्य तोंडात घालायच्या आधी आमच्याकडे कणसरीला, म्हणजे दाण्याच्या देवीला, मोहाच्या दारूची धार सोडतात. द्रोणात राहिलेलं मी लहानपणी चाटलं होतं. ती माझी पहिली चव. हे सांगताना मी ढसाढसा रडले होते. भाऊसाहेबांनी तेच हसत हसत सांगितलं.

"यांच्यात देवीलाच दारू लागते! आता देवीच टाइट, तर भक्त कसा शुद्धीवर राहणार?"

हॉल हसला. पोटं धरून हसला.

आणि मी? मीही हसले. दात काढून हसले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. साहेब हसले की हसायचं, ही सवय अंगात मुरलेली. माय समोर बसली होती आणि मी हसत होते.

मग त्यांनी त्यांच्या देवघरातल्या देवाचा फ्रेम केलेला फोटो माझ्या हातात दिला. "म्हण, ती दारुडी देवी मी आजपासून सोडली. मोठ्यानं म्हण. आईला ऐकू जाऊ दे."

मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

टाळ्या पडल्या. मायनं खाली वाकून चपला पायात घातल्या. मी तिला स्टँडवर गाडीत बसवायला गेले. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "तू बी हासनी व."

तू पण हसलीस. बस, एवढंच. देवी सोडली म्हणालीस, असं नाही म्हणाली. हसलीस म्हणाली. त्या स्टँडवर जमीन दुभंगती तर बरं झालं असतं, अशी लाज वाटली मला.

कोणी म्हणेल, एवढी कशाला भ्यायलीस? तोंड नव्हतं का? होतं हो. पण त्या हॉलच्या मागच्या खोलीतच माझी दारू सुटली, हे मी नाकारत नाही. मी दवाखान्यात कपडे धुते. रक्ताच्या चादरी, बाळंतिणीच्या चादरी. अंग दुखायचं म्हणून सुरू केली. नंतर अंग दुखो न दुखो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत देशी मिसळून मशीनच्या मागे ठेवायची. एकदा तिथेच आडवी पडले, ओल्या चादरींवर, लुगडं सुटलेलं. वॉर्डबॉय बघायला गोळा झाले. बाप्या पिऊन पडला तर लोक त्याला घरी नेतात. बाई पडली तर तमाशा बघतात. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मला उठवलं आणि गटात नेलं. म्हणून माझ्या डोक्यात एवढंच पक्कं होतं, गट आहे तर मी आहे. खोली भाऊसाहेबांची, त्यांना नाही म्हटलं तर गट गेला. गट गेला की मी पुन्हा त्या चादरींवर.

भाऊसाहेब स्वतः पिणारे होते. मोठं कापडाचं दुकान बुडायच्या बेतात आणलेलं. त्यांच्या देवानं त्यांना वाचवलं असं ते सांगतात. ते खोटं नाही. मी कोण खोटं म्हणणारी? पण दारू सोडायच्या ज्या पायऱ्या गटानं ठरवल्यात, त्यांत लिहिलंय की ज्याला जसा उमगेल तसा देव. मला त्यांचा देव उमगला नव्हता. मला नुसती त्यांची भीती वाटत होती, आणि मी तिलाच भक्ती समजले.

फोटो खोलीत लावला. रोज हात जोडायचे. माझं आयुष्य तुझ्या हवाली, असं म्हणायचं. शब्द यायचे, पण आत काही हलायचं नाही. ओळख ना पाळख, हवाली कोणाच्या करू? कणसरीचं नाव ओठावर आलं की गिळून टाकायची. तिला कोणत्या तोंडानं हाक मारू? आणि मग दारू पुन्हा आठवायला लागली. ड्यूटी सुटली की पाय दुकानाच्या गल्लीकडे वळायचे. एकदा तर काउंटरपर्यंत गेले. पोऱ्या म्हणाला, "काय देऊ मावशी?" तशीच उलटी पळाले, आणि खोलीत येऊन आतून कडी लावली.

नवं धान्य आलं. गावाहून मामाचा फोन, "मायनं बलायेल शे." बोलावलंय म्हणे. मला धडकीच भरली. तिथे देवीपुढे दारू असणार. आणि माय असणार. कोणाची भीती जास्त, सांगता येत नव्हतं. तरी गेले.

अंगणात सारवलेलं, मधे नागलीची कणसं, पळसाचे द्रोण. घरातली माणसं गोलात बसलेली. मामानं मोहाची बाटली आणली. बूच काढलं आणि तो वास आला. तोंडाला पाणी सुटलं माझ्या, खोटं कशाला बोलू? मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकले.

मायनं मामाच्या हातातून बाटली घेतली आणि माझ्यापुढे धरली. आमच्यात धार घरातलं मोठं माणूस सोडतं. पोरगी नाही.

"माय, मी नाही," मी म्हटलं. "माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे. सोड."

मी धार सोडली. थोडीशी, नेहमी सोडतात तेवढी. उरलेली मग द्रोणाद्रोणातून फिरते, सगळे पितात. तीच रीत आहे आमची, ती मी लपवणार नाही. मी बाटली सरळ केली. मायनं माझं कोपर धरून हात पुन्हा वाकडा केला.

"बठ्ठी सोड."

सगळी. मामा ओरडला, "अवं, बठ्ठी? मंग आमले काय?"

मायनं त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तिनं तिले दी दे. तुनं काय शे त्यामा?"

तिचं तिला देऊन टाक. तुझं काय आहे त्यात?

मी बाटली उपडी केली. शेवटच्या थेंबापर्यंत. दारू सारवणात जिरत गेली. वर्षभर गटात मला सांगत होते, सोपव, वरच्याच्या हवाली कर, आणि मला ते कळत नव्हतं. आमच्याकडे त्याला धार सोडणं म्हणतात. माझ्या अंगणात ते पिढ्यानपिढ्या चाललं होतं आणि मी स्टेजवर त्याच्यावर हसून आले होते.

मी रडले. मायनं जवळ घेतलं नाही. हॉलमधल्या त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, तेव्हाही नाही आणि आजपर्यंतही नाही. तिनं मला माफ केलंय असं मला वाटत नाही. मी माफी मागितलीही नाही.

पुढच्या बैठकीला मी फोटो घेऊन गेले. स्वच्छ पुसून, कपड्यात गुंडाळून. त्या देवाशी माझं भांडण नाही. भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांसमोर उभी राहिले.

"मी दारुडी आहे," मी म्हटलं. "पण माझी देवी दारुडी नाही. तुमच्या धाकानं मी तसं बोलले. ते शब्द मी परत घेते. आणि मी या खोलीत सांगितलेलं तुम्ही स्टेजवर नेलंत, ते तुमचं चुकलं."

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "असं बोलणारे पुन्हा पितात. मी खूप पाहिलेत."

"बघा वाट," मी म्हटलं आणि खाली बसले. उठून गेले नाही.

अजून जाते. गट कोणाच्या बापाचा नाही, हॉल असेल. मला ठाऊक आहे, मी प्याले तर ते माझ्या देवीवर ढकलतील. नाही प्याले तर श्रेय त्यांच्या देवाला देतील. माझ्या माणसांच्या वाट्याला नेहमी हेच आलंय. येऊ दे. मी पिणार नाही. आणि कोणाच्या जोरावर, असं कोणी विचारलं, तर कणसरीचं नाव घेईन, खणखणीत, ज्याला खुपेल त्याच्या तोंडावर.