एवढा धूर काढून दे

दादाच्या खोलीत हार्ड डिस्कपेक्षा किस्सेच जास्त साठतात. डिस्क भरली की जुनं डिलीट करावं लागतं, किस्से मात्र तसेच राहतात. देवळाली प्रवरातल्या या खोलीत दादा आणि त्याचा मित्र सॅम्युएल लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. मी कोपऱ्यात अभ्यासाला बसते, म्हणजे बघत बसते.

*

मागच्या वर्षी त्यांनी मारामारीची शॉर्ट फिल्म केली. व्हिलन होते शेजारचे भाऊसाहेबकाका. ते दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. दादाने कॉम्प्युटरवर त्यांच्या ट्रॅक्टरला स्फोटाचा धूर लावला. काका बघून म्हणाले, "मालकाला दाखवू नको बाबा, सर्व्हिसिंग केली न्हाई म्हनंल."

*

पुढच्या सीनमध्ये ऊस डावीकडे झुकलेला आणि धूर चालला उजवीकडे. मी हळूच विचारलं, "वारे दोन आहेत का?"

सॅम्युएल दचकला. "आयला, ही बोलती व्हय?"

*

मग खरा धूर हवा म्हणून दोघं गुऱ्हाळावर गेले. मागे काळी ताडपत्री बांधून चुलवणाचा धूर शूट केला. कॉम्प्युटरवर काळं तेवढं गायब होतं आणि नुसता धूर उरतो. पण मधूनच एक काळी शेळी गेली होती. शेळी गायब झाली, तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका धुरात तरंगत राहिला.

काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. व्हिलनचा आत्मा हाय तो."

*

शेवटच्या सीनमध्ये काकांनी रागाने मागे वळायचं होतं. ते वळले आणि हसले. दादा वैतागला. "काका, व्हिलन एवढं गोड हसतो का?" पुन्हा शूट करायला वेळ नव्हता, म्हणून त्याने त्या हसण्यावर गुऱ्हाळाचा धूर सोडला. इतका खरा धूर त्याला पुन्हा कधी जमला नाही.

लग्नसराई आली, डिस्क भरली. फिल्म ठेवून दादाने मूळ शूटिंग डिलीट केलं.

*

दिवाळीनंतर काका अचानक गेले. काही दिवसांनी काकू मोबाईल घेऊन खोलीत आल्या.

"फोटूत समदीकडं ताठ उभे हायेत. हसल्यालं एवढंच हाय. एवढा धूर काढून दे रे, बाळा. तूच लावलाय ना?"

सॅम्युएल म्हणाला, "काकू, ते मूळचं आता..." आणि थांबला.

काकूंनी व्हिडिओ परत लावला. काका वळले. धूर आला, तशा काकू पदराच्या टोकाने स्क्रीनवर वारा घालू लागल्या.