ताईंच्या वतीनं

समजा, तुम्हाला स्त्रीवादी सिद्धांतावर बोलायचंय. खुर्ची बाईच्या नावावर असली तरी तिच्यात बाई का बसत नाही, एवढंच दहा मिनिटांत समजावून सांगायचंय. आणि समोर पहिल्याच रांगेत, बाईच्या जागी तिचा नवरा मोबाईल चाळत बसलाय. बोला आता.

निरवांगीच्या निकितावर बारामतीच्या विद्यार्थी परिषदेत हीच वेळ आली. एम.ए. करणारी ही पोरगी इंदापूर तालुक्यात स्कूटीवर हिंडून महिला सरपंचांच्या मुलाखती घ्यायची. बाकीच्या थोडंफार बोलल्या. राजनंदिनीताई मात्र भेटल्याच नाहीत. घरी असायच्या, आतून चहा यायचा, बांगड्या वाजायच्या. पण ओसरीवर उत्तरं द्यायला त्यांचे यजमान, सर्जेराव.

"आमच्या मॅडमचं आन् माझं एकच हाय. इचार की!"

खातं बायकोचं आणि पासवर्ड नवऱ्याकडं, असं निकितानं चिडून आपल्या शोधनिबंधात लिहिलं. मग तिनं आपल्या मार्गदर्शकांना, ज्ञानेश सरांना गळ घातली, की परिषदेच्या उद्घाटनाला ताईंनाच बोलवा. माईकसमोर तरी बाईला स्वतः बोलावं लागेल. ताईंच्या तोंडून एक वाक्य ऐकायला मिळावं, यासाठी हा सगळा आटापिटा.

पत्रिका छापल्या. कार्यक्रमाच्या दिवशी पांढरीशुभ्र गाडी दारात थांबली आणि उतरले सर्जेराव. एकटेच.

"ताई कुठायत?" निकितानं विचारलं.

"मॅडमकडं पाव्हणं आल्यात. मी आलोय की त्यांच्या वतीनं. भाषण बी आणलंय."

आता तरी कुणाला लाज वाटेल, असं निकिताला वाटलं. कसली लाज! "राजनंदिनीताईंचं आगमन झालेलं आहे," असं निवेदकानं माईकवरून सांगितलं, सर्जेरावांनी हात जोडले आणि टाळ्या पडल्या. पुढं तर कहरच. पाहुणी बाई येणार म्हणून ओटीचं ताट सजवलेलं होतं. साडी, खण, नारळ, तांदूळ. शाल आणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. स्त्रीवादावर पुस्तकं लिहिलेले ज्ञानेश सर घामाघूम होऊन तिच्या कानाशी आले.

"निकिता, दे ते ताट त्यांनाच. ताईंपर्यंत पोचेल."

"सर, ओटी भरू त्यांची?"

"टिंगल नको. फोटो काढायचाय."

सर्जेरावांनी गळ्यातल्या उपरण्याचं टोक पुढं पसरलं आणि खुशाल ओटी घेतली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "हळदीकुंकू राहिलं की!" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. गेंड्यानं कातडी उसनी मागावी असा माणूस.

मग भाषण. "स्त्री ही आदिशक्ती हाय" इथून निघालेली गाडी कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत गेली. विद्यार्थ्यांच्या वाट्याला उरला चिमूटभर वेळ. ज्ञानेश सर परत आले. "तू सिद्धांताचा भाग तेवढा वाच. उदाहरणं गाळ."

निकितानं सिद्धांत गाळला आणि उदाहरणंच वाचली. आतला चहा, बांगड्या, ओसरीवरचा नवरा, सगळं. नाव तेवढं घेतलं नाही. शेवटी म्हणाली, "एका सरपंचांची मुलाखत अजून अपुरी आहे. त्यांना आज इथं बोलावलं होतं."

ज्ञानेश सरांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दणदणीत टाळ्या आल्या.

"लई भारी बोलली पोर!" सर्जेराव उठून म्हणाले. "असली नवरेमंडळी हायत बरं का आपल्या भागात. मला तर त्यांच्या बायकांची कीव येती."

हसावं की थुंकावं, निकिताला कळेना. तरी ती गाडीपर्यंत त्यांच्या मागं गेली. "तात्या, ताईंचा नंबर द्या ना."

"घे की," म्हणत त्यांनी लगेच नंबर सांगितला. तिनं तिथंच लावला. वाजला तो त्यांच्याच खिशात.

"एकच नंबर हाय आमचा," ते कौतुकानं म्हणाले आणि काच वर गेली.

निकिता फोन तसाच हातात धरून रस्त्याकडं बघत राहिली. सत्ता, खुर्ची, कारभार यांवरचे तिचे लांबलचक प्रश्न आता तिला फुकटचे वाटत होते. ताई भेटल्याच, तर एकच विचारायचं होतं: आज तुम्हाला बोलावलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं तरी का?