मागून की आतून

माझ्या डाव्या कानाच्या पडद्याला भोक होतं आणि त्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले होते. कान ज्या बाईचा, तिचं मत विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

कान लहानपणापासून वाहायचा. लग्न होऊन पुरुषोत्तमनगरला आले आणि सासूबाईंनी तो आपल्या ताब्यात घेतला. लसूण टाकून तेल तापवायचं, कोमट झालं की माझं डोकं मांडीवर घ्यायचं, थेंब सोडायचे, वर कापसाचा बोळा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण कान पुन्हा ओला तो ओलाच. मी शाळेत शिकवते. डावीकडच्या रांगेतली मुलं काय वाचतात ते कळेना, तेव्हा मी हट्टाला पेटले.

नंदुरबारच्या वयस्कर डॉक्टरांनी मायक्रोस्कोपला डोळे लावून बराच वेळ पाहिलं. पाहणारे ते एकटेच. आम्ही आपले त्यांच्या टकलाकडे बघत बसलो. म्हणाले, कानामागे चीर देऊ, कान पुढे वळवू आणि पडद्याला ठिगळ लावू. तिथले केस मात्र काढावे लागतील. मायक्रोस्कोप स्टँडवर असतो, त्यामुळे दोन्ही हात कामाला मोकळे.

माझा नवरा साखर कारखान्यात फिटर. दोन्ही हात मोकळे म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. सासूबाई केसांवर अडल्या. "सवासीनना डोकाले वस्तरा लागाले नको!" त्यांच्या लेखी तो वस्तरा माझ्या डोक्यावर नव्हे, त्यांच्या मुलाच्या जिवावर चालणार होता. तेवढ्यात शेजारीण सांगून गेली, शहाद्याला एक डॉक्टरीणबाई कानाच्या वाटेनंच दुर्बीण घालून आतून ऑपरेशन करतात. झालं!

"एक हातमा दुर्बीण धरी, मंग एकच हातवर काम कसं व्हई?" नवरा.

"पन डोकं तं नही भादरत!" सासूबाई.

जेवायला बसलं की हेच. मायलेक माझ्या कानावरून भांडत होते आणि त्यातलं निम्मं मला ऐकूही येत नव्हतं. एक दिवस ताट बाजूला सारलं आणि सांगून टाकलं, मी उद्या शहाद्याला जातेय, यायचं तर या. दोघंही मुकाट्यानं आले.

तिथे डॉक्टरीणबाईंनी बारीक दुर्बीण कानात सरकवली आणि समोरच्या टीव्हीवर माझा कान उघडला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा आणि त्याच्या पुढच्या बाजूला काळं भोक. त्या म्हणाल्या, तुमच्या कानाची वाट वाकडी आहे. मायक्रोस्कोपला सरळ रेषेतलंच दिसतं, त्यामुळे भोकाची पुढची कड त्याला सापडणं अवघड. दुर्बीण वळणापलीकडे जाऊन बघते. नवऱ्याच्या शंकेला त्या हसल्या नाहीत. एकच हात मोकळा राहतो, रक्त आलं की थांबून टिपावं लागतं, हे त्यांनी कबूल केलं. पडदा सांधला जाण्याची शक्यता, म्हणाल्या, दोन्हीकडे जवळपास सारखीच. "पण आत अडलं तर मला मागूनच जावं लागेल. म्हणून कानामागचे थोडे केस आधीच काढू. चालेल?"

नवरा आईकडे बघायला लागला. सासूबाईंची नजर टीव्हीवरून हलत नव्हती.

"हाई मन्हा तेलमुये व्हयनं का?"

भोक लहानपणीच्या जंतुसंसर्गाचं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण भोक असलेल्या कानात तेल गेलं की ओल राहते आणि कान वाहत राहतो. तेल घालायला नको होतं. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं तरी सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नंदुरबारला हे त्यांना दिसलंच नसतं. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. इतकी वर्षं ओल्या कानानं काढली होती मी.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स मशीन घेऊन आली, तर सासूबाईंनी तिला अडवलं. "तुन्हं मशीन ऱ्हाऊ दे. मीच कापसू." आधी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग एकेक बट धरून, वेडेवाकडे, कात्रीनं कानामागचे केस कापले. नर्सला नंतर ते नीट करावे लागले.

चीर द्यावी लागलीच नाही. कानापुढच्या मऊ हाडाचा, म्हणजे कूर्चेचा, पातळ तुकडा घेऊन ठिगळ आतूनच बसलं. "केस फुकट गयात," नवरा म्हणाला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

काही महिन्यांनी शेवटच्या तपासणीला सासूबाई आणि मी, दोघीच गेलो. टीव्ही लागला तशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "आई, देखा," मी म्हटलं. भोक बुजलं होतं. त्यांनी एकदा बघितलं आणि मान हलवली.

परतताना रिक्षात त्या माझ्या डाव्या बाजूला बसल्या होत्या. बाहेर उसाकडे बघत, जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या, "मन्हावर राग शे का तुले?"

"व्हता," मी म्हटलं. "आते नही."

त्या दचकून माझ्याकडे वळल्या. मला ऐकू येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.