साहेबांच्या जीपचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेरी नवी, जीपगाड्या मात्र जुन्या जिल्ह्याने ओवाळून टाकलेल्या. त्यात दुष्काळ. साहेबांना भेगाळलेली जमीन बघायची होती, पण कंबर न दुखवता. मी वाहनांचा कारकून. टंचाईच्या कामावरच्या जीपचे चांगले शॉकअ‍ॅब्सॉर्बर मी साहेबांच्या जीपला लावायला लावले आणि त्यांचे निकामी झालेले तिला.

तिचा ड्रायव्हर हदगावचा. तो म्हणाला, "भाऊसाहेब, गाडी लई उड्या मारून राहिली. ब्रेक दाबला तरी चाक जमिनीला टेकत न्हाई."

"मग उशी घेऊन बस. दुष्काळात निघालास का वरातीत?"

सगळी कचेरी हसली.

आठवड्याभरात खड्ड्यांच्या उतारावर जीप नाल्यात गेली. त्याचा पाय कापावा लागला. चौकशीत मी गाडी ठीक असल्याचं सांगितलं. दोष त्याच्या वेगाला लागला आणि नोकरी गेली. साहेबांनी मात्र दौऱ्याच्या अहवालात रस्ते समाधानकारक असल्याचं लिहिलं.

निवृत्तीनंतर माफी मागायला हदगावला गेलो. कुबडी टेकत त्यानेच खुर्ची पुढे केली. "एवढ्या लांब कशापायी आलाव, भाऊसाहेब?"

"इथं बँकेत काम होतं," मी म्हणालो आणि चहा पिऊन लातूरची एसटी धरली.