अश्फाकची सरळ चाल

कुंडलच्या पेठेत कुणालाही विचारा, अश्फाक टेलरइतका सरळ चालणारा माणूस सापडायचा नाही. आणि हेच त्याचं दुःख होतं.

मोहरममध्ये पिराचा चांदीचा पंजा उचलायचा मान थोरल्या भावाचा, चांदसाहेबाचा. गेली काही वर्षं पंजा हातात आला की चांदसाहेब असा डोलायचा, पाय एकीकडं, खांदे दुसरीकडं, की अंगात पीर आला म्हणून गावच्या झाडून साऱ्या बायका त्याच्या पायावर पाणी घालायला घागरी घेऊन धावायच्या. त्यात अश्फाकची बायको मेहरुनबी सगळ्यांच्या पुढं. घरी नवऱ्याने तांब्याभर पाणी मागितलं तर 'तुमचं तुमी घ्या' म्हणणारी ही बाई!

पण अश्फाकची नजर शिंप्याची. थोरला चहाचा कप तोंडाला नेतानाही डोलतो, हे त्याने हेरलं. ही पिराची कृपा नव्हे, रोग आहे, अशी त्याची खात्री पटली. काळजी वाटली म्हणता? छे हो, आनंद झाला. भावाची सेवा करतोय असं गावभर सांगत त्याने त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळाएवढ्या डब्या पट्ट्यांनी चांदसाहेबाच्या मनगटांना, घोट्यांना, कमरेला बांधल्या आणि त्याला व्हरांड्यात चालवलं. बोट नाकाला लावायला सांगितलं, तर ते गालावर गेलं. अंग किती हेलकावतं, पाऊल कुठं चुकतं, सारं त्या डब्या टिपत होत्या. गाव ज्याला पीर म्हणायचं, ते तिथं कॉम्प्युटरवर वाकड्यातिकड्या रेघांत उतरलं. हातापायांचा मेळ राखणारा मेंदूचा भाग बिघडलाय, बाई म्हणाल्या. व्यायाम करा, वजन उचलून चालू नका. असले आजार कधी कधी घराण्यात उतरतात, हेही त्यांनी सांगितलं. पण वजनाचं कानावर पडल्यावर अश्फाकला पुढचं ऐकू आलंच नाही. चांदसाहेबाने ऐकलं.

त्या मोहरमला तो वजनदार पंजा अश्फाकच्या हातात आला. नवा सदरा, हिरवा फेटा, आणि चाल कशी, तर पट्टी ठेवून खडूने आखल्यासारखी. एकही बाई पुढं येईना. घागरी निघाल्या त्या ओट्यावर खुर्चीत बसवलेल्या चांदसाहेबाकडं.

"औंदा पीर आलाच न्हाई," शेजारचा दादासो म्हणाला, तेही अश्फाकला ऐकू जाईल असं.

मग मात्र अश्फाक डोलू लागला. भावाची चाल त्याला तोंडपाठच होती, जळत जळत वर्षानुवर्षं पाहिलेली. एकदोघी थबकल्या. मेहरुनबीसुद्धा घागर सावरत त्याच्याकडं वळली. एवढं सुख त्याला निकाहाच्या दिवशीही झालं नसेल.

तेवढ्यात चांदसाहेब खुर्ची सोडून, याला धर, त्याला धर करत धडपडत आला आणि त्याने धाकट्याच्या कमरेला मिठी घातली. चेहरा पांढराफटक.

"अश्फाक, तुला बी झालं का रं?"

हातात पंजा असताना खोटं कसं बोलायचं?

"न्हाई भाई," तो पुटपुटला, "मी नुसताच डोलत हुतो."

आता शिवी येणार म्हणून अश्फाकने मान खाली घातली. पण थोरल्याने आभाळाकडं हात केले, अल्लाचे आभार मानले आणि भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडू लागला, थरथरत, डोलत.

झालं. पीर आला, पीर आला म्हणून साऱ्या घागरी त्याच्या पायावर रिकाम्या झाल्या. मेहरुनबीची पहिली.