सुतकात बंद ठेवलेला पार्क

माझी बायको गेली तेव्हा तिचा पार्क चालू होता. टॅबवरचा खेळ. त्यात मोकळ्या जमिनीवर पाळणे, घसरगुंड्या, आइस्क्रीमची दुकानं उभारायची, माळी आणि सफाईवाले नेमायचे आणि आलेल्या माणसांना खूश ठेवायचं. टॅब मिटला तरी पार्क चालूच राहतो. आजारपणात तिचं बाहेर जाणं थांबलं तेव्हा मुलीनं तो लावून दिला होता. मी शेजारी वाचत बसायचो, ती पार्क चालवायची.

ती गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टॅब आपोआप वाजू लागला. तुतारी, टाळ्या, पोरांचं हसू. दिवसांसाठी साताऱ्याहून आलेली माझी थोरली बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“काय वाजतंय रे?”

“तिचा पार्क आहे, आक्का. लोक आलेत.”

“घरात सुतक आणि इथं जत्रा? बंद कर ते.”

तिला टॅब म्हणायचं होतं. मी पार्कचं फाटक बंद केलं. मला ते योग्यच वाटलं. देवांना पाणी नाही, कढईला तेल नाही, आणि तिचे पाळणे तेवढे फिरताहेत, हे मलाही बघवेना. तेराव्याचं गोड जेवण झालं, नातेवाईक आपापल्या घरी गेले, तेव्हा मी फाटक उघडलं.

कोणी आलं नाही.

फाटक बंद असलं तरी आतला काळ चालू असतो, हे मला ठाऊक नव्हतं. सफाईवाले सोडून गेले होते. छोटी आगगाडी गंजून रुळावर उभी होती. वर लाल पाटी झळकत होती: लोक असेच नाराज राहिले तर पार्क जप्त होईल आणि जमीन पुन्हा मोकळी केली जाईल. तिनं उभारलेलं सगळं पुसलं जाणार होतं.

मी जन्मभर ग्रंथपाल. मदतीची सगळी पानं आधी वाचून काढली, मग कामाला लागलो. नवे सफाईवाले नेमले. आगगाडी दुरुस्त केली. बाकांना रंग दिला. चार माणसं यायची आणि तोंड वाकडं करून जायची. त्यांच्या डोक्यावर फुग्यासारखी तक्रार उमटायची, ती नेहमी एकच: फार चालावं लागतं, मध्ये काहीच नाही. छत्री घेतलेलं एक अस्वल घडीघडी कोपऱ्यातून उडी मारून “वा, कमाल!” म्हणायचं. कसली कमाल? ते अस्वल घालवायची सोय मी खूप शोधली. मदतीच्या पानांत ती कुठेच नव्हती.

मध्ये काहीच नाही, हे खरं नव्हतं. मध्ये तिचं तळं होतं. मोठं, बदकांचं, काठाला बाकं. सगळ्या वाटा त्याला वळसा घालून जायच्या. बाकी काहीही बदलायला मी तयार होतो, पण तळ्याला हात लावणार नव्हतो.

एका दुपारी तिचा धाकटा भाऊ खाडीकाठच्या बोनकोड्याहून आला. तो बिल्डर आहे. चहा होईपर्यंत त्यानं टॅब उचलून पाहिला.

“भाऊजी, मधीच एवरं पानी कशाला? प्राइम जागा हाय ती.”

“तुमच्या ताईनं ठेवलंय.”

“ताईनं ठेवलंय म्हनून धंदा बुडवाल? बुजवा नं, वर मोठा पाळना टाका. आमी आख्खी खाजन बुजवली, टेन्शन घेतलं काय?”

हसता हसता तो थांबला. मग टॅब पालथा ठेवून चहा प्यायला. मला त्याचा राग आला होता, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे याचा जास्त.

लाल पाटी लुकलुकायला लागली, तेव्हा मी बंगळूरला मुलीला फोन केला. तळं न पाडता पार्क कसा वाचवायचा, एवढंच विचारलं.

“बाबा, पाड ना मग ते.”

“तुझ्या आईचं आहे ते.”

“अरे, आई दर आठवड्याला पाडायची! तिथे आधी भुताचं घर होतं, त्याच्याआधी किल्ला. तळं तर शेवटी शेवटी केलं तिनं. तेही तिला आवडलं नव्हतं, बदकं बावळट दिसतात म्हणाली.”

“हे मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“तू विचारलंस कधी? मला वाटलं, खेळतोयस.”

मी फोन ठेवला. इतके दिवस मी तिचा बेत म्हणून जे सांभाळत होतो, तो तिचा बेत नव्हताच. ती फक्त मध्येच उठून गेली होती. पुढचा बेत काय होता, ते कळायला काही मार्ग नव्हता. याचं दुःख व्हायला हवं होतं. मी नुसताच चिडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळं पाडलं. ‘नक्की पाडायचं?’ असं खेळानं विचारलं, मी हो म्हटलं. बदकं आधी गेली, मग पाणी. अस्वल आलं आणि म्हणालं, “वा, कमाल!”

तिथे मोठा पाळणा बसवला. लाल पाटी गेली, गर्दी परतली. मात्र पाळण्याचं दार मी चुकीच्या बाजूला काढलंय. रांग कचराकुंडीवरून जाते आणि सगळ्यांच्या डोक्यावर वास येत असल्याची तक्रार आहे. रविवारी तोही पाडायला घेईन.